ढेकर: तुमच्या घरातले, गोठ्यातले, दवाखान्यातले अनुभव लिहा

ओवाशोप

ढेकराबद्दल आपल्याकडे दोनच वेळा बोललं जातं. पंगत उठताना कुणी तृप्तीचा ढेकर दिला तर यजमानाला बरं वाटतं, आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये दिला तर बाकीचे नाक मुरडतात. त्यामधलं सगळं झाकलेलं राहतं. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वजन, साखर, बद्धकोष्ठता यांवर मोकळेपणी बोलणारी माणसं ढेकराचा विषय आला की आवाज खाली करतात. एक बाई ढेकर थांबत नाहीत म्हणून लग्नाकार्याला जायच्या बंद झाल्या होत्या, आणि हे त्यांनी चौथ्या भेटीत सांगितलं. म्हणून हा धागा.

आधी थोडं शरीरातलं. प्रत्येक घासाबरोबर आणि घोटाबरोबर थोडी हवा पोटात जातेच. भराभर जेवलं, जेवताना बोललं, च्युइंगम चघळलं, स्ट्रॉने प्यायलं की जास्त जाते. ही हवा जठराच्या वरच्या भागात साठते. तिथली भिंत ताणली गेली की अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावरचा स्नायू काही सेकंद सैल पडतो, हवा वर सरकते, मग घशाशी असलेला दुसरा स्नायू उघडतो आणि हवा बाहेर पडते. आवाज येतो तो या वरच्या स्नायूच्या आणि घशाच्या कंपनाचा.

कोल्ड्रिंकनंतरचा ढेकर कार्बन डायऑक्साइडचा असतो. खाण्याचा सोडा पाण्यातून घेतला तर जठरातल्या आम्लाशी मिळून तोच वायू पोटात नव्याने तयार होतो. त्यामुळे सोडा घेतला आणि मोठा ढेकर आला, एवढ्यावरून 'अडकलेला गॅस निघाला' असं ठरवू नका. बराचसा वायू त्या सोड्याचाच असतो. हे मुद्दाम पहिल्याच पोस्टमध्ये लिहिते आहे, कारण या समजुतीपायी उपचाराला उशीर झालेली माणसं मी पाहिली आहेत.

अनुभव स्वतःचा किंवा घरातला असू द्या. डॉक्टरांची, दवाखान्यांची नावं नकोत.

रानजाई

आमच्याकडे मुलगी झाली तेव्हा ढेकर काढण्यावरून घरात दोन तट पडले होते. सासूबाईंचं ठाम मत, ढेकर निघाल्याशिवाय बाळ खाली ठेवायचं नाही, दूध नाकात येतं. रात्री पाजून झालं की मी भिंतीला टेकून बसायचे. बाळ खांद्यावर, एक हात मानेखाली, दुसऱ्या हाताने पाठीवर हळूहळू थोपटणं. कधी लगेच यायचा, कधी बाळ गाढ झोपून जायचं आणि मी तशीच बसलेली.

शेवटी बालरोगतज्ज्ञांना विचारलं. ते म्हणाले, बाळ कुरकुरत नसेल, अंग ताणत नसेल तर थोडा वेळ उभं धरा आणि पाठीवर झोपवा. ढेकर आलाच पाहिजे असा नियम नाही. बाटलीने पिणाऱ्या बाळाच्या पोटात हवा जास्त जाऊ शकते, तिथे जरा जास्त वेळ द्या. चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयात झालेला एक अभ्यासही त्यांनी सांगितला. ७१ आई-बाळांच्या जोड्या घेतल्या, काही आयांना ढेकर काढायला शिकवलं, काहींना नाही, आणि तीन महिने नोंदी ठेवल्या. पोटदुखीच्या रडण्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. उलट ढेकर काढलेल्या बाळांनी दूध जास्त वेळा बाहेर टाकलं.

मी घरी येऊन हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. पण खांद्यावर घ्यायचं ते काय फक्त ढेकरासाठी असतं का?" त्या दिवसापासून रात्रीची एक पाळी त्यांनीच घेतली. मी पाजायचे आणि झोपायचे, बाळ त्यांच्या खांद्यावर.

पाटपाणी

माणसांचं चाललंय, मी गोठ्यातलं लिहितो. आम्ही राहुरीकडचे, घरी दुधाच्या गाई.

गाईला ढेकर आला नाही तर ती मरते. हे अक्षरशः खरं आहे. चारा पहिल्या पोटात म्हणजे रुमेनमध्ये आंबतो, तिथले जीवाणू तो फोडतात आणि त्यात सतत वायू तयार होत राहतो. मोठ्या जनावरात तासाला ३० ते ५० लिटर. तो सगळा ढेकरांवाटे बाहेर पडतो. गाय रवंथ करत निवांत बसली असेल तर जवळ बसून बघा, मान जराशी लांब होते आणि ढेकर येऊन जातो. आवाज फारसा नसतो, पण वास येतो.

एका पावसाळ्यात आमची गाय दावं तोडून पहाटे लसूणघासात शिरली. दव पडलेला, कोवळा, हिरवागार घास. पोटभर खाल्ला. उजाडताना बघतो तर डावी कूस नगाऱ्यासारखी ताणलेली, बोटाने वाजवली तर टणटण. तोंड उघडं, जीभ बाहेर, बसायला तयार नाही. असा घास खाल्ला की पोटात फेस होतो. वायू बुडबुड्यांमध्ये अडकतो आणि ढेकर येऊच शकत नाही. फुगलेलं पोट फुप्फुसांवर दाब देतं, त्याने जनावर गुदमरतं.

वडिलांनी तिला चढावर, पुढचे पाय उंचावर येतील अशी उभी केली. तोंडात आडवी कडुनिंबाची काठी धरून दोन्हीकडून दोरीने शिंगांना बांधली. काठी चघळताना लाळ सुटते, आणि लाळ पोटात गेली की फेस मोडायला मदत होते. गोडेतेल पाजलं, तेही हळूहळू, मान फार वर न करता, नाहीतर श्वासनळीत जातं. तोवर डॉक्टर आले. त्यांनी नळी आणि औषध वापरलं. अगदीच वेळ आली असती तर डाव्या कुशीत छेद देऊन ट्रोकार, म्हणजे वायू बाहेर काढायची टोकदार नळी, घालावा लागला असता, ते काम आपण घरी करायचं नाही. तिला पहिला ढेकर आला तेव्हा वडिलांनी टोपी काढून हात जोडले.

तेव्हापासून ओला घास सकाळी दव सुकल्यावरच, आणि आधी कडबा खाऊ घालून.

ओवाशोप

पाटपाणी, फार मोलाचं लिहिलंत. गाईच्या या ढेकरांवर आता सरकारी धोरणं ठरतात. त्यात मिथेन हा वातावरण तापवणारा वायू असतो, आणि गुरांचा बहुतेक मिथेन मागून नाही, तोंडावाटेच बाहेर पडतो. डेन्मार्कने २०३० पासून गुरांच्या मिथेनवर कर लावायचं २०२४ मध्ये ठरवलं. न्यूझीलंडने असाच कर आणायचं ठरवलं होतं, पण शेतकऱ्यांचा विरोध झाला आणि २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. आपल्याकडे बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने 'हरित धारा' नावाचं वनस्पतींतल्या टॅनिन या तुरट द्रव्यावर आधारलेलं पूरक खाद्य तयार केलं आहे. त्याने मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो असं संस्था सांगते. मला कर लावण्यापेक्षा हा रस्ता आपल्या शेतकऱ्याला झेपणारा वाटतो.

निळीशाई

मला आयुष्यात ढेकर आला नव्हता. खरंच. लहानपणी भाऊ मुद्दाम ढेकर काढून दाखवायचा आणि मला वाटायचं, ती एक कला आहे, शिटी वाजवता येण्याची असते तशी. कॉलेजात कळलं की हे सगळ्यांना आपोआप येतं.

मला काय व्हायचं ते सांगते. जेवल्यावर छातीत वर चढणारा दाब. घशातून गुडगुड आवाज, इतका मोठा की वाचनालयात शेजारची मुलगी वळून बघायची. संध्याकाळपर्यंत पोट टम्म. वर जागा नाही म्हणून सगळी हवा खालून जायची, त्यामुळे मैत्रिणींबरोबर सहलीला जाणं नकोसं व्हायचं. उलटी होणं कठीण, म्हणून प्रवासात मळमळ झाली की घाबरून जायचे. पोटाच्या तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. घरी म्हणायचे, ढेकर येत नाही हा काय आजार झाला?

आजारच आहे. घशाशी असलेला जो वरचा स्नायू ओवाशोपताईंनी सांगितला, तो गिळताना सैल होतो पण हवा वर आली की उघडतच नाही. अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट बॅस्टियन यांनी २०१९ मध्ये अशा ५१ रुग्णांवरचा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा या त्रासाला नाव मिळालं. उपाय म्हणजे त्या स्नायूत बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन, ज्याला लोक बोटॉक्स म्हणून ओळखतात. त्याने स्नायू सैल पडतो. मी तो निबंध छापून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे घेऊन गेले. त्यांनी वाचायला वेळ मागून घेतला, वाचला, आणि मग पुढचं ठरलं.

इंजेक्शननंतर सुरुवातीला गिळणं मंदावतं, जेवण सावकाश आणि पाण्याच्या घोटाबरोबर करावं लागतं. पहिला ढेकर आला तेव्हा मी भांडी घासत होते. आईने स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, "तू दिलास?" इंजेक्शनचा असर काही महिन्यांनी उतरतो, पण तोवर शरीर शिकलेलं असतं आणि बऱ्याच जणांना नंतरही ढेकर येत राहतो. मला येतो. कुणाला असाच त्रास असेल तर विचारा, मी उत्तर देईन.

काजवा

निळीशाईताई, माझं थोडं तुमच्यासारखंच, पण ऑपरेशननंतरचं. आम्लपित्त आणि हर्निया (जठराचा भाग वर छातीत सरकतो तो) यांसाठी जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून शिवला. जळजळ गेली, ढेकरही गेला. पोट फुगतं. आधी सांगितलं होतं, त्यामुळे तक्रार नाही, पण हे ऑपरेशन करून घेणाऱ्यांनी नंतर ढेकर येईल का, हे डॉक्टरांना आधी जरूर विचारावं. मी आता थोडं थोडं खातो, सोड्याची पेयं पूर्ण बंद.

कडकभाकरी

आमच्या सोलापूरच्या मावशीला हात दाबला की ढेकर येतात. मनगट दाबलं, दंड दाबला, पाठीवर हात फिरवला की एकामागून एक. आमच्या भागात अशा बाया खूप. कुणी म्हणतं अंगात वात धरलाय, तो दाबून बाहेर काढायचा. कुणी बाहेरचं बघायला सांगितलं. दृष्ट काढणाऱ्या आजींनाही दृष्ट काढताना ढेकर आणि जांभया यायच्या, आणि जितक्या जास्त तितकी दृष्ट जबर असं मानायचे. मावशीला देवस्थानांनाही नेऊन झालं. घरातले काही पुरुष सरळ म्हणायचे, नाटक आहे.

नाटक नाही आणि बाहेरचंही नाही. पोटाच्या डॉक्टरांनी समजावलं ते असं: या ढेकरातली हवा जठरातून आलेलीच नसते. छातीच्या स्नायूंनी नकळत हवा अन्ननलिकेत ओढली जाते आणि जठरात पोचायच्या आधीच बाहेर फेकली जाते. ही शरीराला लागलेली सवय असते, ताणात वाढते. ओळखायची खूण म्हणजे झोपेत हे ढेकर बंद असतात, आणि माणूस कशात तरी रमलं, बोलण्यात गुंतलं की कमी होतात. मावशीच्या बाबतीत अगदी तसंच होतं. नातवंडं जवळ असली की तासभर एकही नाही.

उपाय औषधाचा नव्हताच. स्पीच थेरपिस्टने पोटाने श्वास घ्यायला शिकवलं. एक हात छातीवर, एक पोटावर, श्वास घेताना फक्त खालचा हात हलला पाहिजे. ढेकर येणार असं वाटलं की तोंड किंचित उघडं ठेवून तसाच सावकाश श्वास. आणि घरच्यांना सांगितलं, हात दाबून द्यायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं, कारण आमच्याकडे माया म्हणजे हातपाय दाबून देणं.

त्रिकटू

मी आयुर्वेद शिकवतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सातव्या अध्यायात जे तेरा वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक ऊर्मी, अडवू नयेत म्हणून सांगितले आहेत, त्यांत उद्गार म्हणजे ढेकर आहे. अडवला तर उचकी, श्वासाचा त्रास, अन्नावरची वासना जाणं, असं पुढे येतं. आधीचा आहार पचल्याच्या लक्षणांत 'उद्गारशुद्धी' पहिली आहे. जेवल्यानंतर काही तासांनी आलेल्या ढेकराला अन्नाचा वास किंवा आंबटपणा नसेल तर पचन पूर्ण झालं समजायचं. करपट, आंबट ढेकर येत असताना वर आणखी जेवू नये, हे आमच्या आजीला कुठलीही संहिता न वाचता माहीत होतं.

कडकभाकरी यांच्या अनुभवाला जोडून एक गोष्ट. वेग अडवणं जसं वाईट, तसंच तो मुद्दाम आणणंही वाईट, असं वाग्भट या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकाराने स्पष्ट म्हटलं आहे. अडवू नका हे लोकांच्या लक्षात राहतं, ओढूनताणून आणू नका हे राहत नाही.

दर्यावर्दी

मी रत्नागिरीचा, बरीच वर्षं मस्कतला. 'अरबांकडे जेवल्यावर मोठा ढेकर दिला की यजमान खूश होतो' असं मला इथे येण्याआधी पुष्कळांनी सांगितलं होतं. मला एकाही घरात तसं दिसलं नाही. जेवण झालं की 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणतात, यजमानासाठी दुआ करतात. आम्हाला तर लहानपणी घरीच शिकवलं होतं की प्रेषितांसमोर एकाने ढेकर दिला तेव्हा त्यांनी तो आवरायला सांगितलं. पोट भरून ढेकर देईपर्यंत खाऊ नये, हा त्यामागचा अर्थ. परक्या लोकांच्या रीतींबद्दल असं ऐकीव सांगताना जपून सांगावं, एवढंच म्हणतो.

नेकारकाठ

दर्यावर्दीदादांशी सहमत. मी स्टुटगार्टला असते. इथे जेवणाच्या टेबलावर रुमालात जोरात नाक शिंकरलं तर कुणी मान वर करत नाही, पण ढेकर मात्र असभ्य. बाबा आले होते तेव्हा माझ्या सहकाऱ्याच्या घरी जेवल्यावर त्यांनी सवयीने मोठा ढेकर दिला आणि लगेच हात जोडून "अन्नदाता सुखी भव" म्हणाले. टेबलावर शांतता. मी त्या शब्दांचा अर्थ सांगितला. यजमान बाईंनी बाबांना ते शब्द पुन्हा म्हणायला लावले आणि स्वतः म्हणून पाहिले. ढेकराबद्दल कुणीच काही बोललं नाही.

कासारघाट

पहिल्या पोस्टमधल्या सोड्याबद्दल लिहायचं आहे. कृपया सगळ्यांनी वाचा.

कोल्हापूरला घरच्या लग्नात आत्या दुपारी जेवून उठली आणि पोटाच्या वरच्या खळगीत दाबल्यासारखं होतंय म्हणाली. मळमळ, ढेकरावर ढेकर. लग्नाचं जेवण, उन्हाळा, दगदग, सगळ्यांचं निदान एकच: गॅस. कुणी ओवा दिला, कुणी लिंबूसोडा आणला. सोडा प्यायल्यावर मोठा ढेकर आला, आत्या म्हणाली बरं वाटतंय, आणि सगळे पुन्हा कामाला लागले.

तिच्या शेजारी बसलेली एक पाहुणी परिचारिका होती. तिने आत्याच्या कपाळाला हात लावला. पंख्याखाली बसून अंग घामाने भिजलेलं आणि गार. तिने विचारलं, साखर आहे का? होती. तिने कुणाचंही न ऐकता १०८ ला फोन लावला. ईसीजीत हृदयाच्या खालच्या बाजूचा झटका निघाला. रक्तवाहिनी उघडली, स्टेंट बसला, आत्या वाचली.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचा खालचा भाग छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला लागून असतो. तिथला झटका छातीत न दुखता पोटात दुखणं, मळमळ, ढेकर अशा रूपात येऊ शकतो. बायकांमध्ये आणि मधुमेहात असं फसवं दुखणं जास्त दिसतं. ढेकर आला, बरं वाटलं, म्हणजे हृदय ठीक असं होत नाही. घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ, अचानक गळून जाणं, यांपैकी काही सोबत असेल तर सोडा बाजूला ठेवा आणि ईसीजी काढा. गॅस निघाला तर पैसे वाया गेले असं कुणी म्हणणार नाही.

ओवाशोप

कासारघाट, मनापासून धन्यवाद. यात एवढंच घालते: वारंवार ढेकरांबरोबर गिळायला त्रास, वजन उतरणं, काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल तर घरगुती उपाय थांबवून पोटाच्या डॉक्टरांना दाखवायचं.

पिंपळपार

माझे वडील ढेकर देऊन बोलतात. नातवंडांना हे सांगायला आम्हाला आधी जड जायचं, आता ती स्वतःच मित्रांना समजावतात.

बाबा बिडी ओढायचे. स्वरयंत्राचा कॅन्सर झाला आणि स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं. श्वास आता गळ्यातल्या छिद्रातून, त्यामुळे फुप्फुसातली हवा तोंडापर्यंत येतच नाही. आवाज गेला. दवाखान्यात तीन मार्ग सांगितले. गळ्याला लावायचं बॅटरीवरचं यंत्र, श्वासनळी आणि अन्ननलिकेमध्ये बसवायचा व्हॉल्व्ह, आणि तिसरा, अन्ननलिकेने बोलणं. व्हॉल्व्ह ठरावीक काळाने बदलावा लागतो, आमचं गाव लांब. बाबांनी पाटीवर लिहिलं: तिसरा.

यात जिभेने हवा मागे ढकलून अन्ननलिकेत घ्यायची आणि ती खाली जठरात जायच्या आत परत वर सोडायची. तिने घशाचा वरचा स्नायू थरथरतो, आणि त्या आवाजाचे ओठांनी, जिभेने शब्द बनवायचे. म्हणजे मघापासून इथे ज्या ढेकराबद्दल आपण बोलतो आहोत तोच, ताब्यात आणलेला. शिकवणाऱ्या मॅडमनी 'पा', 'टा', 'का'पासून सुरुवात केली, कारण हे उच्चारताना हवा आपोआप मागे ढकलली जाते.

बाबांचा अडसर वेगळाच होता. चार माणसांत ढेकर द्यायचा नाही, हे त्यांनीच आम्हाला दटावून शिकवलेलं. मॅडमसमोर ते तोंडावर रुमाल धरायचे. मॅडम रुमाल बाजूला करून म्हणायच्या, "काका, मला आवाज हवाय." काही आठवडे नुसती हवा जठरात जाऊन पोट फुगायचं. मग एकदा घरी, अंगणात जायला निघालेले बाबा दारात थांबले आणि म्हणाले, "काठी." आई काठी घेऊन गेली, देऊन परत आली, आणि मग आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

अन्ननलिकेत जेमतेम ६० ते ८० मिलिलिटर हवा मावते, फुप्फुसात लिटरने असते. म्हणून बाबा एका दमात चार-पाच शब्द बोलतात, थांबतात, पुन्हा हवा घेतात. आवाज खोल आणि घोगरा. फोनवर अनोळखी माणसं थट्टा समजून फोन ठेवतात, त्याचा त्यांना अजून राग येतो. पण बाजारात भाव करतात, ग्रामसभेत उभे राहून बोलतात.

गवतीचहा

पिंपळपार, माझ्या काकांचं हेच ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. सगळे खचलेत. हे शिकायला कधी सुरुवात करायची? सगळ्यांना जमतं का?

पिंपळपार

सगळ्यांना जमत नाही, आणि ज्यांना जमतं त्यांनाही महिने लागतात. म्हणून यंत्र आणि व्हॉल्व्ह हे दोन्ही मार्ग आधीच नीट समजून घ्या. जखम भरून सर्जन परवानगी देईपर्यंत काहीही करायला लावू नका. ऑपरेशनच्या आधीच स्पीच थेरपिस्टची भेट मागून घ्या, आणि हे ऑपरेशन झालेला, बोलणारा एखादा माणूस काकांना प्रत्यक्ष भेटवता येईल का ते त्यांनाच विचारा. पाटी किंवा मोबाइल तोवर उशाशी ठेवा. काकांचा आवाज आत्ताच थोडा रेकॉर्ड करून ठेवायचा का, हे त्यांनाच ठरवू दे. बाबा मोबाइलवर व्हिडिओवर बोलायला तयार आहेत. मी व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवते, आजच लावा, संध्याकाळी सातनंतर ते घरी असतात.